अस्मानी आणि सुलतानी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी वादळ, दुष्काळ आणि महापूर यांविषयी बोलणे काहींना अप्रशस्त वाटेल. तथापि विषयाची निवड आमच्यावर सोपविण्यात आली, तेव्हा मनात हाच विषय प्रथम आला. ज्या भुवनेश्वर नगरीत आपले मंडळ पन्नास वर्षे नांदले, तिच्यापासून बंगालचा उपसागर दूर नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे मूळ घर मात्र अशा मुलखातले, की जेथे पाऊस न येण्याचीच भीती अधिक. एका अवर्षणाच्या आणि एका महावादळाच्या अशा दोन आठवणी आम्ही स्वतः जन्मभर वागवीत आलो आहोत. त्यांपैकी दुसरी आजवर कोठेही बोललो नव्हतो. ती आज सांगावयाची आहे. पण तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी थोडी इतिहासाची वाट चालावी लागेल.

आपल्या मराठीत ‘अस्मानी-सुलतानी’ असा एक जोडशब्द रूढ आहे. अस्मानी म्हणजे आकाशातून कोसळणारे संकट, आणि सुलतानी म्हणजे राज्यकर्त्यांच्या हातून ओढवणारे. आपल्या पूर्वजांनी हे दोन शब्द एकत्र बांधले, ते केवळ नादासाठी नव्हे असे आम्हास वाटते. १६३० ते १६३२ या काळात दख्खन आणि गुजरात यांवर जो भीषण दुष्काळ पडला, त्याच सुमारास पुणे प्रांत आदिलशाही फौजेने उद्ध्वस्त केला होता. तुकोबांच्या घरातील माणसे त्याच दुष्काळात गेली. शिवछत्रपतींचा जन्मही त्याच १६३० सालचा. ओसाड पडलेली गावे पुन्हा वसविणे आणि पडीक जमीन लागवडीस आणणे हे त्या काळी राज्य उभारण्याचे पहिले काम होते. पाऊस पुढच्या वर्षी येतो. पण पळालेला कुणबी परत येईल की नाही, हे राज्यकर्त्याच्या वर्तनावर अवलंबून असते.

नैसर्गिक आपत्तींनी इतिहास घडविला असे म्हणण्याचा प्रघात आहे. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. आपत्ती प्रश्नपत्रिका घेऊन येते. इतिहास घडतो तो उत्तरांतून. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री आजच्या बांगलादेशाच्या किनाऱ्यावर एक चक्रीवादळ आदळले. त्यात तीन ते पाच लाख माणसे मेली असावीत, असा अंदाज आहे. ज्ञात इतिहासातील हे सर्वांत प्राणघातक चक्रीवादळ. तत्कालीन पाकिस्तानी राजवटीने मदत पाठविण्यात जी दिरंगाई दाखविली, ती पूर्व पाकिस्तानातील जनतेने डोळ्यांनी पाहिली. महिन्याच्या आतच, ७ डिसेंबर रोजी, निवडणुका सुरू झाल्या. वादळग्रस्त भागातील मतदान जानेवारीत उरकल्यावर तेथील १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जागा अवामी लीगला मिळाल्याचे दिसून आले. पुढच्या वर्षी नवे राष्ट्र जन्मास आले. ते केवळ वादळामुळे झाले असे कोणी म्हणणार नाही. भाषेचा, अर्थकारणाचा आणि अधिकाराचा कलह जुनाच होता. परंतु ‘आपण यांचे कोणीच नाही’ ही गोष्ट त्या नोव्हेंबरात घरोघर पटली.

आता थोडे आपल्या या पूर्व किनाऱ्याकडे वळू. चक्रीवादळाला इंग्रजीत जो ‘सायक्लोन’ हा शब्द आहे, तो कलकत्त्यात घडला. हेन्री पिडिंग्टन या एका काळच्या जहाजाच्या कप्तानाने १८४८ साली तो आपल्या ग्रंथात प्रथम वापरला. याच गृहस्थांनी १८५३ साली गव्हर्नर जनरलना एक जाहीर पत्र लिहिले. मातला नदीवर नवे बंदर बांधण्याची योजना तेव्हा सरकारदरबारी विचाराधीन होती. वादळाच्या वेळी समुद्र आत शिरून हे सर्व बुडवील, असा इशारा त्यांनी दिला. पत्राची दखल घेतली गेली नाही. पोर्ट कॅनिंग बांधले गेले, १८६७ च्या वादळात ते मोडले आणि थोड्याच वर्षांत सोडून द्यावे लागले. पिडिंग्टन त्यापूर्वीच, १८५८ साली, वारले होते.

दरम्यान ५ ऑक्टोबर १८६४ रोजी खुद्द कलकत्त्यावर वादळ येऊन सुमारे साठ हजार माणसे मेली. पाठोपाठ पावसाने दगा दिला. या आघातांनंतर १८७५ साली भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. ज्या खात्याची आपण चहाच्या टेबलाशी थट्टा करतो, त्याच्या पायाखाली एवढी प्रेते आहेत, हे ध्यानात असावे.

ज्या ओडिया भूमीचे आपण अन्न खातो, तिची कहाणी तर अधिकच दारुण आहे. १८६५ साली येथील पाऊस लवकर आटोपला आणि भाताचे पीक गेले. कटकच्या कमिशनरसाहेबांना, रॅव्हेनशॉ यांना, प्रांतात तांदळाचा पुरेसा साठा आहे असे वाटत राहिले. तांदूळ बाहेरून आणावा अशी विचारणा झाली, तेव्हा कलकत्त्याच्या वरिष्ठांनी नकार कळविला. बाजारभाव चढले की व्यापारी आपण होऊन धान्य आणतील, हे त्या काळचे शास्त्र होते. फेब्रुवारी १८६६ मध्ये बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर बीडन येथे येऊन गेले. त्यांनीही किमतीत हात घालण्यास नकार दिला. धोका उमगला तेव्हा पावसाळा तोंडाशी आला होता. रेल्वे नव्हती, धड रस्ते नव्हते, आणि उसळत्या समुद्रामुळे तांदळाची जहाजे किनाऱ्याला लागेनात. सुमारे दहा लाख माणसे, म्हणजे ओडिशाची एकतृतीयांश प्रजा, मरण पावली. पुरीच्या गजपती राजांच्या कालगणनेतील ते नववे वर्ष होते. म्हणून येथील लोक त्या दुष्काळाला ‘नअंक’ म्हणतात. त्या वेळचे भारतमंत्री लॉर्ड सॅलिसबरी यांना पहिले दोन महिने आपण काहीच केले नाही याची टोचणी जन्मभर लागून राहिली. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. या सर्व मंडळींत कोणीही क्रूरकर्मा नव्हता. प्रत्येकाने नियमाप्रमाणे, वरिष्ठांना विचारून आणि लेखी उत्तर घेऊनच काम केले होते.

यानंतरची कथा सर रिचर्ड टेंपल यांची. १८७३-७४ साली बिहारात अवर्षण झाले. टेंपल यांनी ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लाख टन तांदूळ आणविला आणि उपासमारीने जवळजवळ कोणी मरू दिले नाही. याबद्दल त्यांच्या गळ्यात माळ पडावयास हवी होती. प्रत्यक्षात सरकारी तिजोरीची उधळपट्टी केली म्हणून त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. तीन वर्षांनी दख्खन व मद्रास इलाख्यांत महादुष्काळ पडला. प्रशांत महासागराचे पाणी तापले की आपला मोसमी पाऊस का बिघडतो, याची उकल पुढे विसाव्या शतकात झाली. त्या कामाचा आरंभ याच हवामान खात्यातील गिल्बर्ट वॉकर यांनी केला. १८७७ साली मात्र समोर होती ती भुकेली माणसे. तेच टेंपल आता काटकसरीचे शिपाई बनून आले. दुष्काळी कामावरील पुरुषास रोज एक पौंड धान्य आणि एक आणा, एवढ्यावर त्यांनी मजुरी आणून ठेवली. आपल्या महाराष्ट्रात कित्येक ठिकाणी मजुरांनी कामेच सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची हकीकत गोळा करून सरकारपुढे मांडली. तोच दुष्काळ हिंडून पाहिलेल्या वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ साली शस्त्र उचलले. त्या दोन-तीन वर्षांत देशभरात पन्नास लाखांहून अधिक माणसे गेली असा अंदाज आहे.

एकच अधिकारी, एकच विद्या, एकच प्रामाणिकपणा. पहिल्या खेपेस त्याने माणसे वाचविली, दुसऱ्या खेपेस वाचविली नाहीत. मधल्या काळात फरक पडला तो एवढाच, की माणसे वाचविल्याबद्दल त्यास बोल लावण्यात आला होता. आमच्यासारख्या ज्यांनी उभी हयात टिपणे लिहिण्यात आणि शेरे मारण्यात घालविली, त्यांनी ही हकीकत विसरू नये.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण लहानपणी कीर्तनात ऐकली आहे. तेही अधिकारीच. दुष्काळात त्यांनी बादशहाची धान्याची कोठारे लोकांस मोकळी केली, आणि बेदरच्या दरबारात त्या धान्याची किंमत भरण्यास साक्षात विठ्ठल विठू महाराच्या रूपाने गेला. पंतांचे धैर्य वंदनीयच. पण कथेकडे सरकारी नजरेने पाहिले तर दिसते, की कोठार उघडणाऱ्या अधिकाऱ्यास वाचविण्यासाठी देवाला यावे लागले. राज्ययंत्रणेत तशी काही तरतूद नव्हती. ती तरतूद करणे हेच पुढच्या काळाचे काम होते. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ‘फॅमिन कोड’ आले. दुष्काळ कधी मानावा आणि काम केव्हा काढावे हे त्यात लिहून ठेवले गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून शेतकऱ्यांना सांगितले ते हेच, की या कोडाने तुम्हास अमुक मिळावयाचे आहे, ते मागा. सरकारी कृपेचा येथे प्रथमच हक्क झाला.

त्या हक्काचे पुढचे पाऊल आम्ही स्वतः पाहिले आहे. १९७२ साली आम्ही चार वर्षांचे होतो. आमचे गाव मराठवाड्याच्या सीमेवरचे, अवर्षणप्रवण. त्या वर्षी विहिरी तळाला गेल्या, जनावरे विकली गेली. घरात कोणी खडी फोडण्याचे काम पूर्वी केले नव्हते. पण त्या उन्हाळ्यात आमची आई डोक्याला पदर गुंडाळून पाझर तलावाच्या कामावर जाऊ लागली. तिच्या हाताला बांधलेल्या चिंध्या आम्हास आठवतात. परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरीची चव आठवते, आणि कामावर पोरांना मिळणाऱ्या सुकडीचा वास तर आजही ओळखू येईल. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे अशा कामांवर होती. एवढा मोठा दुष्काळ, पण १८७७ सारखी प्रेतांची रास पडली नाही. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेली रोजगार हमी योजना त्याच काळात विस्तारली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि २००५ साली संसदेने देशासाठी केलेल्या ग्रामीण रोजगाराच्या कायद्यामागे हाच अनुभव होता.

आईने त्या दिवसांविषयी नंतर कधी शब्द काढला नाही. आम्ही बी. ए. झालो, नोकरीस लागलो, तेव्हा एकदा विचारले. ती म्हणाली, “कुणीतरी कामाची यादी वेळेवर केली म्हणून आपण गाव सोडलं नाही. गाव सोडलं असतं तर तुझी शाळा कुठली?” कोण्या एका अनामिक कारकुनाने वेळेवर केलेल्या हजेरीपटाचे आम्ही ऋणी आहोत. म्हणूनच दुसरी आठवण सांगताना जीभ जड होते.

सन १९९९. वय एकतीस, भुवनेश्वरात बदलून येऊन जेमतेम वर्ष झाले होते. १७ ऑक्टोबरला गंजाम जिल्ह्यावर एक वादळ येऊन गेले होते. सर्वांचे लक्ष तिकडच्या मदतकार्याकडे होते. गुरुवार, २८ ऑक्टोबर रोजी दुपारी हवामान खात्याचा संदेश आमच्या मेजावर आला. त्यात वाऱ्याच्या वेगासोबत समुद्राचे पाणी किनाऱ्यावर चढण्याचाही उल्लेख होता. आम्ही तो वाचला, ‘माहिती व योग्य कार्यवाहीस्तव’ असा शेरा मारला, सही केली आणि पुढे पाठविला.

पाऊण एक तासाने आमच्या कार्यालयातील शिपाई रजेचा अर्ज घेऊन आला. एरसमा भागातला, समुद्राजवळच्या गावचा. वारा येणार असे त्याने ऐकले होते. घराच्या छपराला दोर बांधण्यासाठी त्याला जावयाचे होते. शुक्रवारची रजा, सोमवारी हजर. वारा येणार हे त्याला ठाऊक होते; पाणी येणार हे नव्हते. ते आम्हास ठाऊक होते, कारण तासापूर्वीच आम्ही ते वाचले होते. परंतु संदेश इंग्रजीत होता, आमची ओडिया मोडकीतोडकी होती, आणि खरे सांगावयाचे तर त्या वाक्याचा अर्थ आमच्या मनात उतरलाच नव्हता. आम्ही अर्जावर सही केली. ओडिया भाषेत वडीलधाऱ्यांस होकार देताना ‘आज्ञा’ म्हणतात. तो ‘आज्ञा’ म्हणाला आणि गेला.

२९ तारखेस सकाळी ते महावादळ पारादीपच्या दक्षिणेस, एरसम्यानजीक, जमिनीवर चढले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर आणि केंद्रातील दाब ९१२ मिलिबार. नेहमीच्या दाबाहून शंभर मिलिबार कमी, म्हणजे केवळ त्या कारणानेच समुद्र मीटरभर फुगतो. त्यावर वारा उथळ किनाऱ्याकडे पाणी रेटीत नेतो. पाच-सहा मीटर उंचीची भिंत सपाट मुलखात कित्येक किलोमीटर आत गेली. एवढ्यावर न थांबता ते वादळ किनाऱ्याजवळच रेंगाळले आणि पाऊस कोसळत राहिला. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील फार मोठा भाग एकट्या एरसम्याचा. रेडक्रॉसने बांधलेली मोजकी पक्की निवारागृहे होती. जे तेथवर पोहोचले ते वाचले.

भुवनेश्वरातही झाडे उन्मळली, वीज गेली, पाणी गेले. आपल्या मंडळाच्या ज्येष्ठांना स्मरत असेल, की मंडळातील भगिनींनी स्टोव्हवर खिचडीची पातेली चढविली आणि आपल्या बंधूंनी ती सायकलींवरून पोहोचविली. त्या कामात आम्हीही होतो. लोक वाहवा करीत होते. आमचे लक्ष मात्र कार्यालयाच्या दाराकडे होते.

सतराव्या दिवशी तो आला. नारळाच्या झाडाला धरून त्याने ती रात्र काढली होती. पत्नी आणि मुलगा शाळेच्या पक्क्या इमारतीत होते म्हणून राहिले. आई आणि धाकटी मुलगी राहिली नाहीत. हे त्याने चार वाक्यांत सांगितले आणि खिशातून एक कागद काढला. जास्त झालेल्या दिवसांची रजा नियमित करण्याविषयीचा तो अर्ज होता. कारण म्हणून लिहिले होते, ‘घरी वादळ’. त्याच्या मनात आमच्याविषयी काही किल्मिष असते तर बरे झाले असते. त्याला वाटत होते की बिनपगारी होईल. आम्ही शिफारस केली. तो ‘आज्ञा’ म्हणाला.

मित्रहो, रॅव्हेनशॉसाहेबांवर टीका करणे सोपे आहे. दहा लाखांच्या मानाने आमचा दोष लहान असेल. पण जात एकच. जाणीव आमच्या मेजावर होती आणि तिची गरज मेजाच्या पलीकडे उभी होती. मधले अंतर दोन हातांचे होते.

या राज्याने मात्र त्या वर्षीचा धडा गिरविला, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. १९९९ सरण्यापूर्वीच आपत्तीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. पुढे किनाऱ्यावर शेकडो निवारागृहे उभी राहिली, गावोगाव तरुणांची पथके तयार झाली, खारफुटीच्या जंगलाचे मोल लोकांस कळले. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलीन’ वादळ गोपाळपूरवर आले, त्यापूर्वी ओडिशातील जवळजवळ दहा लाख माणसे हलविण्यात आली होती. मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. २०१९ साली ‘फनी’ आले तेव्हा बारा लाखांच्या आसपास लोक हलविले गेले. समुद्र तोच, वारे तेच. सुलतानी तेवढी बदलली होती.

फायलीनच्या आदल्या दिवशी, बदल्यांच्या फेऱ्यातून आम्ही पुन्हा याच शहरी होतो. दुपारी दूरध्वनी वाजला. तोच होता, आता सेवानिवृत्त. सरपंच दोनदा दारी येऊन गेला, आम्ही सर्व निवारागृहात आलो, जनावरांची दावी सोडून दिली, असे त्याने सांगितले. मग म्हणाला, “साहेब, पाणी भरून ठेवा. खिडक्यांपाशी निजू नका. शेजारी कोणी नवीन आले असेल तर त्यांनाही सांगा.” एव्हाना आमची ओडिया बरी झाली होती. आम्ही ‘आज्ञा’ म्हणालो.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी पाळीत आलो आहोत, आणि सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळापुढे त्याच ठेवतो. पहिली ही, की या शहरात नव्याने येणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाने पहिल्या वर्षातच ओडिया बोलावयास शिकावे. मंडळाने त्यासाठी वर्ग चालवावा. दुसरी ही, की वादळाची सूचना आली की आपल्या घरी कामास येणाऱ्या बाई, दूधवाला, रिक्षावाला, पहारेकरी यांचे गाव कोणते हे विचारावे, आणि सूचनेत काय लिहिले आहे ते त्यांच्या भाषेत, तोंडाने सांगावे. शेरा मारून पुढे पाठवू नये. पन्नास वर्षे या भूमीने आपणास आश्रय दिला; तिची आपत्ती समजून घेण्याइतके नाते आता जुळलेच पाहिजे.